सावडीचा अभ्यास

अकोल्याच्या मुलीनं मला फसवलं. एका खोलीत राहून, एका तव्यावरची भाकरी खाऊन तिनं मला पूर्ण एक सत्र आणि दुसऱ्याचं अर्धं सत्र फसवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी तिची बाजूही सांगणार आहे आणि ती वाचून कोणाला तिची कीव येईल. येऊ दे. बाजू असली म्हणून फसवणूक कमी होत नाही.

मी पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावची. पंधराव्या वर्षापासून आठवडी बाजारात कटलरी विकते, म्हणजे बांगड्या, टिकल्या, पिना, कंगवे, लहान पोरींचे हेअरबँड. आई आणि मी, दोघीच. बी.ए. मी बाहेरून केलं, बाजाराला सुट्टी असेल त्या दिवशी पुस्तक उघडून. कायद्याला गेले ती रागानं. बाजारात आमची लिंबाखालची सावलीची जागा होती. एका ओळखीच्या माणसानं गर्दीच्या वेळी एक कागद पुढं केला, जागा नावावर कायम करायची आहे म्हणाला. समोर गिऱ्हाईक होतं, मी न वाचता सही केली. पुढच्या बाजारी कळलं की जागा सोडल्याचाच तो कागद होता. तेव्हापासून आम्ही उन्हात बसतो. त्याच वर्षी मी ठरवलं की इथून पुढं माझ्यासमोर आलेला कागद मी वाचीन आणि दुसऱ्यांनाही वाचून दाखवीन.

आईनं मला तीन वर्षं दिली. सोमवार ते शुक्रवार मी नगरला कॉलेजात, शनिवार-रविवारी तिच्या मदतीला, बाकीचे बाजार ती एकटी लावणार. तिचे गुडघे तेव्हाच दुखत होते. ती म्हणाली होती, "तीन वर्षं मी ओढते. चौथं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई." बाजारातली जागा बसणाऱ्याची असते. दोन आठवडे रिकामी दिसली की तिसऱ्या आठवड्याला तिथं दुसऱ्याची ताडपत्री असते. म्हणजे माझं एक वर्ष वाया गेलं असतं तर शिक्षणही अर्धं राहिलं असतं आणि दुकानही गेलं असतं. हे मी त्या मुलीला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तिला माहीत होतं.

ती माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. आमच्याच नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या वरच्या अंगाला, धरणाच्या बाजूला, भाताची शेती करणाऱ्या घरातली. मला ताई म्हणायची, अहोजाहो करायची. दुसऱ्या वर्षाला आम्ही दोघींनी नगरातच, सावेडीत एक खोली घेतली. एक गॅस, दोन पलंग, एक खिडकी. मुलगी शांत. माझा अनुभव असा की शांत गिऱ्हाईक सगळ्यात जास्त बघून घेतं. ते बांगडी हातात घालून, फिरवून, उजेडात धरून परत ठेवतं आणि तुम्हाला कळत नाही त्याच्या मनात काय आहे. तरी मी तिच्याबरोबर राहिले, कारण ती नीटनेटकी होती आणि भांडी लगेच घासायची.

दुसऱ्या वर्षाची पुस्तकं समोर आली तेव्हा मी आधी त्यांची जाडी पाहिली. पहिल्या सत्राला चार विषय होते: कौटुंबिक कायदा, कामगार कायदा, मालमत्तेचा कायदा आणि पुराव्याचा कायदा. शेवटची दोन पुस्तकं नुसती हातात धरली तरी मनगट दुखायचं. मी बोलून गेले की एका माणसाचं हे काम नाही. ती हसली. म्हणाली, "आमच्याकडं भाताच्या लावणीला, आवणीला, सावड असती ताई. आज सगळे माझ्या भातखाचरात, उद्या सगळे तुमच्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, पण प्रत्येकाची आवणी वेळेत होती."

सावड आमच्याकडंही असते, खुरपणीला. कल्पना तिची. सौदा मी केला. चार विषय दोघींत वाटून घ्यायचे, जिचा विषय तिनं वाचायचा, नोट्स काढायच्या, दुसरीला द्यायच्या आणि समजावून सांगायचा. मी पुस्तकं एकावर एक ठेवली, वीत लावून पाहिली आणि कौटुंबिक आणि कामगार स्वतःकडं घेतले. दोन्ही बारीक. शिवाय नवराबायकोची भांडणं मी दुकानावर रोजच ऐकत होते, मला ते पुस्तक अर्धं पाठच वाटलं. तिच्याकडं मालमत्ता आणि पुरावा गेले. मला वाटलं होतं ती कुरकुरेल, मग मी कामगार देऊन एक जाड घेईन, असं मनात धरूनच मी दोन्ही बारीक मागितले होते. ती "चालेल" म्हणाली. नुसतं चालेल. त्या दिवशी मला जरा खटकलं. घासाघीस न करता जो देतो, तो एक तर वेडा असतो किंवा त्याच्या मालात काहीतरी असतं. पण सौदा माझ्या बाजूनं झाला होता, म्हणून मी माझी दोन पुस्तकं उचलून पलंगावर ठेवली.

संध्याकाळी मी भाकरी थापायचे आणि ती पलंगावर मांडी घालून मला समजावून सांगायची. गहाण म्हणजे काय, गहाणाचे प्रकार किती, भाडेपट्टा आणि परवाना यांत फरक काय. पुस्तक मिटलेलं. अडली की उघडून बघायची, पुन्हा मिटायची आणि पहिल्यापासून सांगायची. मी पीठ मळता मळता "हं, हं" करायचे. मला सगळं कळत होतं. खरंच कळत होतं, ती बोलत असेपर्यंत. माझी पाळी आली की मी तिला वही द्यायचे आणि म्हणायचे, सगळं लिहिलंय, वाचून घे. माझ्या नोट्स आटोपशीर होत्या. कौटुंबिक कायद्याचं आख्खं पुस्तक मी बावीस पानांत बसवलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. तिच्या नोट्स जाड होत्या. मी मनात म्हणायचे, मला स्वस्तात पडलं.

परीक्षा झाली. निकाल लागायला दुसरं सत्र निम्मं सरलं. तोपर्यंत दुसऱ्या सत्राचीही तशीच वाटणी झालेली, जाड दोन तिच्याकडं, बारीक दोन माझ्याकडं. निकाल मोबाईलवर पाहिला तो तिसगावच्या बाजारात, समोर एक बाई हिरव्या बांगड्या चढवून घेत होती. माझ्या वाटणीचे दोन विषय सुटले. तिच्या वाटणीचे दोन, मालमत्ता आणि पुरावा, माझे राहिले. मी तिला फोन केला. ती चारही पास.

कॉलेजच्या नियमानं तिसऱ्या वर्षाला जाताना मागचा एकही विषय राहून चालत नव्हता. पुढच्या परीक्षेत हे दोन आणि नवे चार असे सहा पेपर द्यायचे, आणि त्यांतला एक जरी राहिला तरी तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. त्या बाईची एक बांगडी माझ्या हातून फुटली. आईनं काचा गोळा केल्या.

संशय आधी पेपर तपासणाऱ्यावर गेला. मी अर्ज करून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. ती आली तेव्हा कॉलेजातल्या मॅडमपुढं टाकली आणि म्हटलं, बघा, एकही वाक्य चूक नाही. मॅडमनी चष्मा लावून पाहिलं. म्हणाल्या, चूक नाही हे खरं, पण प्रत्येक उत्तर सहा ओळींत संपलंय. पुढं काय, असं परीक्षक विचारतोय आणि तू गप्प. मी खोलीवर येऊन ती झेरॉक्स आणि अकोल्याच्या मुलीच्या नोट्स शेजारी शेजारी ठेवल्या. माझ्या उत्तरातल्या ओळी तिच्या नोट्समधल्या प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या ओळी होत्या. बाकीचं माझ्या डोक्यातून गेलेलं.

मग मी म्हटलं, हिनं मला अर्ध्या नोट्स दिल्या. स्वतःच्या वहीत वेगळं लिहिलं असणार. ती अंघोळीला गेली की मी तिची वही काढून माझ्या वहीशी पान न् पान ताडून पाहायचे. तीन दिवस हे चाललं. एक ओळ वेगळी सापडली नाही. समासातल्या खुणासुद्धा तिनं मला उतरवून दिल्या होत्या. माल खरा निघाला की मला जास्त भीती वाटते, कारण मग खोट कुठं आहे ते दिसत नाही.

त्याच आठवड्यात मला दुसरं काही दिसायला लागलं. ती रोज दुपारी चारला बाहेर पडायची आणि साडेसहाला यायची. कुठं गेलीस विचारलं की फिरायला म्हणायची. सावेडीत अडीच तास फिरण्यासारखं काय आहे ते मला आजही माहीत नाही. आणि मी दिलेल्या वहीविषयी विचारलं की ती म्हणायची, "छान आहेत ताई नोट्स." कुठलं पान, काय छान, काही नाही.

मी एक काम केलं. दुसऱ्या सत्राची माझी वही तिला देताना तिसऱ्या पानात एसटीचं तिकीट ठेवलं. बाहेरून दिसणार नाही असं, आणि दोन्ही बाजूंच्या पानांना डिंकाचा अगदी बारीक ठिपका. वही उघडली तर तिकीट फाटणार. दहा-बारा दिवसांनी मी वही परत मागितली, दुरुस्ती करायची म्हणून. ती म्हणाली, "सगळी वाचली, छान आहे." मी जिन्यात जाऊन पानं जराशी फाकवून पाहिली. तिकीट जिथल्या तिथं चिकटलेलं. फक्त त्यावरची शाई पुसट झाली होती.

दुसऱ्या दिवशी चारला मी तिच्या मागं गेले. दोन गल्ल्या सोडून एक अभ्यासिका आहे, खाली झेरॉक्सचं दुकान, वर लाकडी कप्पे केलेली खोली. दारातून पाहिलं तर ती कोपऱ्यातल्या कप्प्यात. समोर पुस्तक उघडं, मी वाटणीला घेतलेल्या विषयाचं. शेजारी तिची स्वतःची वही, जी मी कधी पाहिली नव्हती. मी तिथं ओरडले नाही, तिथं बोलायची बंदी होती. मी तिला खुणेनं खाली बोलावलं.

झेरॉक्सच्या दुकानासमोर आम्ही उभ्या राहिलो. मी वहीत तसंच चिकटलेलं तिकीट तिच्यासमोर धरलं. तिला लगेच कळलं, चेहरा उतरला, पण ती खोटं बोलली नाही हे मला मान्य करावं लागेल.

"माझी वही तू उघडली न्हाईस."

"पहिल्या सत्राची उघडली होती ताई. बावीस पानं. तेव्हाच ठेवून दिली."

"का?"

"त्यात नुसता शेवटचा भाव होता. तो कसा ठरला ते नव्हतं. कोर्टानं असं का म्हटलं, ते तुम्ही लिहिलंच नव्हतं. त्यावर मी पास झाले नसते."

"मग चारही विषय तूच वाचत हुतीस."

"हो."

"आणि मला काय म्हणत हुतीस? छान हायेत म्हणत हुतीस."

ती म्हणाली, "तुम्ही ऐकून घेतलं असतं का? त्या मेसवालीला तुम्ही काय बोललात ते मी पाहिलंय. तुम्हाला नावं ठेवली असती तर तुम्ही मला खोलीतून काढलं असतं."

पहिल्या वर्षी आम्ही जेवायला जायचो त्या मेसवालीनं आमटीत पाणी घातलं होतं आणि मी ते तिला चार लोकांत सांगितलं होतं, एवढंच. पण मी त्या वेळी अशी चिडले की दुकानदारानं मशीन थांबवलं. मी तिला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती रडली नाही. वर जाऊन पुस्तक घेऊन आली आणि माझ्या पुढं चालत खोलीवर गेली. त्या दिवसापासून आम्ही एका खोलीत दोन भाडेकरू झालो. भाकरी मी माझ्यापुरती थापली.

परीक्षेला सहा आठवडे होते. पहिला आठवडा मी काहीच वाचू शकले नाही. एकाच पानावर तासभर बसायचे, जेवण राहून जायचं, रात्री झोप यायची नाही. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही नाही म्हणाले, वेळेवर जेवा आणि झोपा. मी वेळापत्रक केलं, भिंतीला लावलं, दोन दिवसांत फाडलं. त्यात मी रोज चौदा तास लिहिले होते. बाजारात कुणी मला असा भाव सांगितला असता तर मी त्याच्याकडं पाहिलंही नसतं, आणि इथं मी स्वतःच स्वतःला खोटा भाव सांगत होते.

शनिवारी दुकानावर बसले होते. एक ओळखीची बाई आली, पाथर्डीकडची, दर पंधरा दिवसांनी यायची. तिला कळलं होतं मी वकिली शिकते. म्हणाली, भाऊ हक्कसोड पत्रावर सही मागतोय, वडिलांच्या जमिनीतला हिस्सा सोड म्हणतोय. करू का? मी ऐटीत सांगायला सुरुवात केली. हक्कसोड म्हणजे काय ते सहा ओळींत सांगितलं. बाई म्हणाली, "ते माहितीय मला. मी न्हाई केली सही तर काय करील तो?" मला येईना. "आन केली आन मग पस्तावले तर?" तेही येईना. बाई बांगड्यांचा डझन उजेडात धरून बघत होती आणि माझ्याकडंही तशीच बघत होती. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी ये, तोवर सही करू नकोस.

तो आठवडा मी मालमत्तेचं पुस्तक त्या बाईसाठी वाचलं. वाचून पुस्तक मिटायचं आणि ती समोर बसली आहे असं धरून मोठ्यानं सांगायचं. ती कुठं अडवील ते मला माहीत होतं, कारण गिऱ्हाईक कुठं अडवतं हे मला माहीत असतं. अडले की उघडायचं. रोज सकाळी दोन तास, मग कॉलेज, मग पुन्हा दोन तास, मधे जेवण आणि झोप डॉक्टरांनी सांगितली तशी. एका दिवसात एकच विषय नाही, दोन थोडे थोडे. रात्रीची झोप कधी परत आली ते कळलंही नाही. पुढच्या शनिवारी मी त्या बाईला सगळं सांगितलं, तिनं सात प्रश्न विचारले, सहांची उत्तरं मी तिथंच दिली. सातव्याचं मी त्याच रात्री शोधून फोनवर कळवलं. पुढचे चार शनिवार माझ्या दुकानापुढं बायका बसायच्या, काही घ्यायच्या नाहीत आणि मला प्रश्न विचारायच्या. आई वैतागली, पण तिनं त्यांना उठवलं नाही.

सहाच्या सहा सुटले. तिसरं वर्ष झालं, सनद मिळाली, आता मी पाथर्डीच्या कोर्टात वकिली करते. आईनं तिचा शब्द पाळला आणि मी माझा.

आता माझी तक्रार नीट ऐका. ती मुलगी चारही विषय स्वतः वाचत होती, हे मी सोडून देते. माझ्या नोट्स बारीक होत्या, मी स्वस्तात काम उरकलं, हेही मी सोडून देते, ती माझी चूक. पण रोज संध्याकाळी पुस्तक मिटून ती मला समजावत होती, तेव्हा अभ्यास तिचा होत होता. मी "हं" म्हणत भाकरी थापत होते आणि तिचं पक्कं होत होतं. हे मला त्या बाईसमोर बसून कळलं. ज्याला बोलावं लागतं तो शिकतो, ऐकणाऱ्याला फक्त कळल्यासारखं वाटतं. तिला हे माहीत होतं. माझी बावीस पानं वाचून ती काय शिकली नाही ते तिला कळत होतं, तर मी काय शिकत नव्हते तेही कळत असणारच. आणि तरी ती रोज पलंगावर मांडी घालून बसली. माझं वर्ष गेलं तर आईची जागा जाईल, हेही तिला माहीत होतं.

ती आता तिकडं अकोल्यालाच वकिली करते. सनद मिळाल्यावर तिनं मला मेसेज पाठवला होता, ताई अभिनंदन. मी उत्तर दिलं नाही. मी चिडले असते म्हणून सांगितलं नाही, हे तिचं म्हणणं मला पुरेसं नाही. मी चिडले असते, हो. ओरडले असते, चार दिवस बोलले नसते, आणि पाचव्या दिवशी पुस्तक घेऊन बसले असते. माझ्या हातात आख्खं सत्र उरलं असतं. तिनं ते माझ्याकडून न विचारता घेतलं.

म्हणून मला तिच्याकडून एका गोष्टीचं उत्तर हवंय. मी शिकत नाही, हे तिला कोणत्या दिवशी कळलं? पहिल्या आठवड्यात, की परीक्षेच्या तोंडावर, की आवणीची गोष्ट सांगितली तेव्हाच? तिनं पाथर्डीला यावं किंवा मला अकोल्याला बोलवावं, मी जाईन. माझ्यासमोर बसावं आणि तो दिवस सांगावा. मेसेजवर मला उत्तर नको.